इंटरव्हलच्या आधी

छटाकला नवा सिनेमा आवडला नाही, हे आमच्या थिएटरात सगळ्यात आधी पायऱ्यांना कळायचं. आवडला नाही की ती एकेक पायरी दोन्ही पायांनी उतरायची, धप्प, धप्प, पाठीवर दप्तर आपटत. आवडला तर कशी उतरायची ते मला सांगता येणार नाही, कारण आठ महिन्यांत तिला एकही सिनेमा आवडलेला मी पाहिला नव्हता.

ती माझ्या ताईची मुलगी, आम्ही एकाच घरात राहतो. तेरा पूर्ण, चौदावं चालू. जन्मली तेव्हा एवढीशी होती की नर्सनं तिला तळहातावर धरून "ही काय छटाकभर पोरगी" असं म्हटलं आणि तेच चिकटलं. आता ती माझ्या खांद्याला लागते, पण छटाक ती छटाकच. शाळेच्या हजेरीत वेगळं नाव आहे. त्या नावानं घरी हाक मारली तर ती वळूनही बघत नाही.

मी थिएटरच्या बुकिंगच्या खिडकीवर बसते. एकोणीस वर्षं झाली. काचेला मध्ये गोल भोक, खाली हात जाईल एवढी फट. आत मी, एक स्टूल, फक्त माझ्या डाव्या कानाला वारा घालणारा एक पंखा, आणि खुर्च्यांचा नकाशा. तिकीट गेलं की त्या खुर्चीवर लाल पेन्सिलीनं फुली मारायची. मालकांचा एक नियम आहे, म्हणजे त्यांच्या वडिलांचा, म्हणून तो मोडायचा नाही: इंटरव्हलची घंटा होईपर्यंत खिडकी उघडी. "उशिरा येतो त्याला खरी हौस असते, बाई," असं ते सांगतात. मग काय, आत सिनेमा सुरू होऊन तास उलटला तरी मी आपली खिडकीत, हौशी माणसांची वाट बघत. घंटा झाली की कुलूप लावायचं आणि आत जाऊन शेवटच्या रांगेत बसायचं.

म्हणजे एकोणीस वर्षांत मी शेकडो सिनेमे पाहिले, आणि सगळे इंटरव्हलनंतरचे. सुट्टी बुधवारची, पण सुट्टीच्या दिवशी थिएटरचं तोंड बघायचं नाही हा माझा स्वतःचा नियम. मला त्याचं कधी वाईटही वाटलं नाही. पहिला भाग म्हणजे नुसती ओळखपाळख, असंच मी सगळ्यांना सांगायचे. कोण कुणाचा भाऊ आणि कोण कुणावर खार खाऊन आहे, ते दोन मिनिटांत कळतंच की. लग्नात जेवायच्या वेळेला पोचलेला माणूस काही उपाशी राहत नाही.

सिनेमा चालणार की पडणार, ते मी बाहेर पडणाऱ्यांच्या हातांवरून ओळखायचे. शुक्रवारी बाराचा पहिला शो सुटायच्या आधी दोन मिनिटं बाहेर येऊन पायऱ्यांच्या कोपऱ्यात उभी राहायचे. उजेडात पाऊल टाकल्या टाकल्या माणूस खिशात किल्ली चाचपायला लागला, की समजावं सिनेमा पडला. दोघंतिघं वाट अडवून तिथेच बोलायला लागली, मागचे ओरडले तरी हलेनात, की दोन आठवडे पक्के. मग मालक मला त्यांच्या खोलीत बोलवायचे. टेबलासमोर एकच खुर्ची, लाल रेक्झिनची, एका हातावर फाटलेली. चहा यायचा.

"काय बाई, कसा आहे?" एवढंच विचारायचे.

मी सांगायचे. शनिवारी सकाळी ते वितरकाला फोन करून माझंच वाक्य ऐकवायचे: पुढचा आठवडा ठेवतो, नाहीतर उतरवतो. बाकी सगळे दिवस मी काचेमागची बाई होते. शुक्रवारी त्या खुर्चीत दहा मिनिटं मी कुणीतरी असायचे. ती खुर्ची माझ्या भाचीनं घेतली, आणि त्यासाठी तिला काही करावंही लागलं नाही.

झालं असं, की गेल्या वर्षी ताईला दवाखान्यात दुपारची पाळी लागली. छटाकची शाळा सकाळची, साडेअकराला सुटणारी. "तुझ्या डोळ्यांसमोर राहील," असं म्हणून ताईनं तिला माझ्याकडे थिएटरात धाडलं. डोअरकीपरनं तिला शेवटच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची दिली, दाराच्या लाल दिव्याखालची. मोठ्यांचा सिनेमा लागला की ती माझ्या स्टुलामागे बसून गणितं करायची, बाकी सगळे बघायची. आठवड्याभरात अख्खं थिएटर मला मावशी म्हणायला लागलं. डोअरकीपर माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, तोही! एकोणीस वर्षांत मला जे नातं कुणी लावलं नाही, ते हिच्यामुळे लागलं. मालक तेवढे अजून बाई म्हणायचे.

पहिल्या शुक्रवारी मारामारीचा सिनेमा होता. ती धपाधप पायऱ्या उतरून माझ्यासमोर उभी राहिली.

"कुत्रा कुठे गेला?"

"कुठला कुत्रा?"

"हिरोचा! सुरुवातीला आजारी असतो ना तो. त्याच्या औषधासाठी हिरो बाहेर पडतो, म्हणून तर सगळी मारामारी सुरू होते. मग इंटरव्हल झाला आणि कुत्रा संपला. बिचाऱ्याला नीट मरूसुद्धा दिलं नाही."

मला कुत्रा असल्याचा पत्ताच नव्हता. हिरोला शेवटी पदक मिळालं म्हणून मी खुशीत होते आणि आठवडाभर तरी चालेल असा मनात हिशेब केला होता. मालक मागेच उभे होते. ते इतके हसले की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"किती दिवस चालेल ग?" त्यांनी विचारलं. तिला विचारलं!

"रविवारपर्यंत."

सोमवारी खिडकीत मी आणि माझा पंखा, दोघंच. मंगळवारी एक गृहस्थ भोकाशी तोंड आणून विचारतात, "तो कुत्रा हरवलेला सिनेमा गेला का हो?" म्हणजे तिचं बोलणं गावभर झालं होतं.

त्यानंतर भुताचा आला. छटाक म्हणाली, "हे लोक घाबरलेले नाहीत मावशी, हे कामावर आलेत." मग एका गाजलेल्या सिनेमाचा तिसरा भाग आला. त्यावर ती म्हणाली, "सारखे पहिल्या भागाची आठवण काढून रडतात. मी कशाला रडू? माझं काय गेलंय?" आणखी एकाबद्दल म्हणाली, की जाहिरातीत होतं तेवढंच आहे, वर दोन तास जादा दाखवलेत. दर वेळी मालक विचारणार, किती दिवस, आणि ही डोक्यात काही न मोजता सांगणार. दर वेळी तसंच होणार. तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी मी पायऱ्यांवरून आले तर ती लाल खुर्चीत बसलेली, पाय हलवत, हातात बिस्किट. मालकांनी मला बघून मान हलवली, "बसा ना" अशा अर्थाची. बसणार कशावर? खुर्ची एकच. मी म्हटलं, "नको, खिडकी उघडायचीय."

तेव्हापासून दर शुक्रवारी मी खिडकीतून मोजायचे. चहावाला मालकांच्या खोलीकडे दोन कप घेऊन जायचा. एक त्यांचा, एक तिचा. आमच्या घरात तेराव्या वर्षी चहा मिळत नाही, पण थिएटरात मिळतो.

माझ्या पोटात दुखायचं. सरळच सांगते. चाळिशी उलटलेल्या बाईनं आपल्या भाचीवर जळावं हे बरं दिसत नाही, ते मलाही कळतं, पण कळलं म्हणून काही दुखायचं थांबत नाही. घरी ताई तिचं कौतुक करायला लागली की मी उठून भांडी घासायला घ्यायचे, घासलेली असली तरी. एकदा ताई म्हणाली, "अग, तुझ्यावर गेलीय सिनेमाच्या बाबतीत." मी इतक्या जोरात पातेलं आपटलं की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली.

आणि नुसती खुर्चीच नाही. तिचा तो राग होता ना, त्याचाही मला हेवा वाटायचा. गुरुवारपासून ती वाट बघायची. शुक्रवारी शाळेतून पळत यायची, घामाघूम. पडदा उजळला की दप्तर मांडीवर घट्ट धरून, तोंड उघडं टाकून बसायची, असं डोअरकीपर सांगायचा. आणि बाहेर यायची ती डोळ्यांत पाणी घेऊन. "फसवलं ग मावशी. परत फसवलं." एका सिनेमापायी एवढं! मी शेकडो पाहिले, मला कुणी फसवलं नाही. चांगला होता, बरा होता, ठीक होता, यापलीकडे माझी गाडी कधी गेली नाही. ती रडायची तेव्हा मला वाटायचं, हिला काहीतरी मिळतंय जे मला मिळत नाही, आणि तेही फुकट.

मग तो घड्याळजीचा सिनेमा आला.

मी नेहमीसारखी इंटरव्हलनंतर आत गेले. एक मुलगी लांबच्या शहरात एकटी राहते, कष्ट करते, धडपडते. मग कित्येक वर्षांनी घरी परत येते. बसस्टँडवर तिचे वडील उभे आहेत, पाठमोरे, केस पांढरे झालेले, वरच्या मोठ्या घड्याळाकडे बघत. ती मागून हाक मारते, "बाबा!" आणि ते हळूहळू वळतात. बस. तिथे मी अशी रडायला लागले, की पायऱ्यांवर येऊन उभी राहायचं भानच राहिलं नाही. माझे वडील गेले तेव्हा मी उशिरा पोचले होते. माझ्या हाकेला कुणी वळलं नव्हतं.

बाहेर आले तर बायका डोळे पुसत होत्या आणि दोघी वाट अडवून बोलत होत्या. दोन आठवडे, मी मनात म्हटलं. तेवढ्यात धप्प, धप्प.

त्या शुक्रवारपासून छटाकचा साडेतीनचा गणिताचा क्लास सुरू झाला होता आणि मालक चारला येणार होते. तिनं माझ्या स्टुलावर वही ठेवून भराभरा काहीतरी लिहिलं, पान फाडलं, चार घड्या घातल्या. "हे मालकांना दे हं मावशी. विसरू नको." आणि पळाली.

घड्या घातल्या म्हणजे काही पाकीट होत नाही. मी वाचलं.

"इंटरव्हलपर्यंत मी पाहिलेला सगळ्यात चांगला सिनेमा. नंतर ते लोक खूणच विसरले. म्हणून जास्त राग आला. एक आठवडा चालेल, कारण शेवटी सगळे रडतात. दुसऱ्या आठवड्यात कुणी येणार नाही, कारण घरी गेल्यावर लोकांना आठवेल."

कसली खूण, मला काही कळलं नाही. एवढंच कळलं, की ज्या जागी माझा ऊर भरून आला, तिथेच हिनं बोट ठेवलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आता मी कुठे रडायचं तेही ही ठरवणार!

चारला मालक आले. खिडकीशी थांबले. माझे डोळे अजून लाल होते, पण ते त्यांना दिसले नाहीत.

"छटाक काय म्हणाली?"

कसा आहे, असं नाही. तुम्हाला काय वाटलं, असंही नाही. छटाक काय म्हणाली! चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती, चष्म्याच्या घरात. मी म्हटलं, "खूप आवडला तिला. दोन आठवडे ठेवा म्हणाली."

एका दमात म्हटलं, जीभ अडखळली नाही. सिनेमा चालला असता तर माझं खरं झालं असतं, नाही चालला तर तिचं नाव खाली गेलं असतं. दोन्हीकडून मी राजी होते. अशी मी तिची मावशी.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या शुक्रवारी नकाशावर अकरा फुल्या पडल्या, शनिवारी नऊ. शनिवारी दुपारी मालकांनी छटाकला खोलीत बोलावलं. त्यांचं दार आणि माझी खिडकी यांच्यात एक पातळ फळी आहे, सगळं ऐकू येतं.

"तुझ्या शब्दावर ठेवला ग हा मी," मालक म्हणाले. रागावून नाही, आणि ते जास्त वाईट होतं. "तुझा तो समुद्राखालच्या शहराचा सिनेमा कालपासून आपल्याकडे लागायचा होता. तो सोडून दिला. गेला चौकातल्या थिएटरात."

त्या सिनेमाची ती चार महिने वाट बघत होती. त्याच्या जाहिरातीचं चित्र तिनं कापून गणिताच्या वहीला आतून चिकटवलं होतं. मला ते माहीत होतं, पण लबाडी करताना ते मला आठवलं नव्हतं. आता आठवलं आणि स्टूल टोचायला लागलं.

मी कान फळीला लावला. आता सांगेल. चिठ्ठी दिली होती म्हणेल.

"चुकलं असेल माझं," छटाक म्हणाली.

"होतं असं. आता जरा अभ्यासाकडे बघ. सिनेमाचं आम्ही मोठे बघू."

ती बाहेर आली, खिडकीसमोर थांबली आणि गोल भोकातून माझ्याकडे बघितलं. आणि तशीच पुढे गेली. घरी ताईलाही सांगितलं नाही. मला त्याचासुद्धा राग आला, काय सांगू! भांडली असती, आरडाओरडा केला असता, तर मीही दोन शब्द ऐकवले असते. पण नाही, इथेही मोठेपणा तिनंच घ्यायचा. पाच दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. "मावशी, मीठ दे." "मावशी, किल्ली कुठेय?" एवढंच.

गुरुवारी त्या सिनेमाचा शेवटचा दिवस. बाराच्या शोला नकाशावर सात फुल्या होत्या. सिनेमा सुरू व्हायला पाच मिनिटं होती. छटाक दप्तर घेऊन आली, पण नेहमीसारखी मागच्या दारानं नाही. गिऱ्हाइकासारखी खिडकीसमोर उभी राहिली आणि भोकाशी तोंड आणलं.

"दोन तिकिटं द्या."

"द्या काय, द्या? आणि दोन कशाला?"

"एक माझं, एक तुझं. तू रडलीस ना शेवटी? डोअरकीपरकाकांनी सांगितलं मला. आता सुरुवातीपासून बघ. मग सांग."

"खिडकी कोण सांभाळणार?"

"कोण येणारेय, मावशी?" तिनं मागे हात केला. रस्ता रिकामा होता. एक सायकलवाला गेला, त्यानं थिएटरकडे बघितलंही नाही.

कुणी येणार नव्हतं, ही माझीच करणी होती. मी पंखा बंद केला, कुलूप लावलं. मालकांच्या वडिलांचा नियम मी मोडला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. शेवटच्या रांगेत लाल दिव्याखाली तिच्या शेजारी जाऊन बसले. दिवे गेले. पडद्यावर नावं यायला लागली. एवढी नावं असतात हेही मी विसरले होते.

घड्याळजी तरुण आहे. एवढंसं दुकान, भिंतभर घड्याळं, आणि एक लहान मुलगी टेबलाखाली खेळते आहे. मग त्याचे कान जायला लागतात. एकदम नाही. आधी घड्याळांची टिकटिक जाते, मग रस्त्यावरचे आवाज, मग मुलीचा आवाज. शेवटी काहीच उरत नाही. तो घड्याळावर बोट ठेवून ते चालू आहे का ते बघतो. मुलगी ते बघते. एक दिवस शाळेतून येते, बापाच्या मागे उभी राहून हाक मारते, मारत राहते. तो काम करतोय. मग ती पुढे होते आणि त्याच्या मनगटावर बोटानं दोनदा टकटक करते, घड्याळासारखं. मी आले. तो तिच्याकडे बघून हसतो. तेव्हापासून रोज तेच. घरात आली की टकटक, निघाली की टकटक. पुढे ती मोठी होते, दोघांचं भांडण होतं, आणि ती घर सोडून जाते. दारात थांबते, बापाच्या मनगटाकडे बघते, आणि खूण न करताच निघून जाते. दिवे लागले. इंटरव्हल.

मी छटाककडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला बाहेर जाऊन चहा घ्यायचा होता, पण मी उठले नाही, न जाणो लवकर सुरू झाला तर.

पुढचं सगळं मी आधी पाहिलेलं होतं, पण आज ते वेगळंच दिसत होतं. त्या शहरात ती मुलगी बसमध्ये बसून नुसती स्वतःच्या मनगटावर बोट ठेवते, ते गेल्या वेळी मला दिसलंही नव्हतं. मी खुर्चीच्या टोकाला सरकले. बसस्टँड आलं. ते पाठमोरे उभे. पांढरे केस. हात मागे बांधलेले, मनगट असं समोर! मी मनातल्या मनात तिला पुढे ढकलत होते. जा ना ग. दोन पावलं जा. कर टकटक.

"बाबा!" तिनं मागून हाक मारली. आणि ते वळले.

"अरे!" मी मोठ्यानं ओरडले. पुढच्या रांगेतल्या माणसानं मागे बघितलं. "अरे, पण ते बहिरे आहेत! त्यांना ऐकू कसं आलं? खूण कुठे गेली?"

"तेच तर," छटाक म्हणाली. पाच दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज तिच्या आवाजासारखा आला. "तेच तर, मावशी! मी तीन तास त्या खुणेची वाट बघत होते. ते लोकच विसरले. आपल्याला लक्षात राहिलं आणि बनवणारे विसरले."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हे त्या शुक्रवारचं पाणी नव्हतं. मला इतका राग आला होता, आणि इतकं वाईट वाटत होतं. एकोणीस वर्षांत मला कुठल्या सिनेमानं फसवलं नव्हतं, कारण कुठल्या सिनेमाचा शब्द मी ऐकूनच घेतला नव्हता. तो तर इंटरव्हलच्या आधी देतात.

मी पायऱ्या उतरले त्या धप्प, धप्प. खाली मालक उभे होते, कपाळाला आठ्या घालून.

"बाई, इंटरव्हलच्या आधी खिडकी बंद? माझ्या वडिलांच्या वेळेपासून असं—" मग त्यांना माझा चेहरा दिसला. ते थांबले. "काय झालं? आत बसला होतात? कसा आहे?"

आठ महिने ज्या दोन शब्दांसाठी मी जळत होते, ते आज आपल्या पायांनी चालत आले. मी तोंड उघडलं. सांगण्यासारखं इतकं होतं, घड्याळजीचं, मनगटाचं, सगळं. पण बाजूला ती उभी होती, तिचं दप्तर घेऊन. मी पर्स उघडली, चष्म्याचं घर उघडलं आणि चार घड्यांचा कागद मालकांच्या हातात दिला.

त्यांनी वाचला. परत वाचला. "ही कधीची?"

"पहिल्या शुक्रवारची. तिनं मला तुम्हाला द्यायला दिली होती. मी दिली नाही. तिला आवडला असं मीच आपल्या मनानं सांगितलं."

"पण का, बाई?"

"हेवा वाटला मला हिचा," मी म्हटलं. "तुम्ही मला विचारायचं सोडून दिलंत."

मालकांनी चिठ्ठीची घडी घातली, छटाककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खोलीकडे निघून गेले. दार मात्र उघडं ठेवलं.

छटाक बुटाच्या टोकानं पायरी खरवडत होती. "मला तुझा राग आलाय," ती म्हणाली. "अजून आहे."

"असू दे."

"बुधवारी तुझी सुट्टी. मला चौकातल्या थिएटरात न्यायचं. अगदी पहिल्या पाटीपासून. आणि वाईट निघाला तर बाहेर आल्यावर आधी मी बोलणार. तू नाही."

सुट्टीच्या दिवशी थिएटर! पण माझा नियम सांगायची ही वेळ नव्हती. "आणि चांगला निघाला तर?" मी विचारलं.

"निघेल की," छटाक म्हणाली. वही उघडून तिनं आत चिकटवलेलं ते चित्र नीट दाबून बसवलं. डोअरकीपर सांगायचा तो, तोंड उघडं टाकून पडद्याकडे बघतानाचा भाव तिच्या चेहऱ्यावर आला होता. आठ महिन्यांत एकाही सिनेमानं तिला दिलेला शब्द पाळला नव्हता, मीसुद्धा नाही, आणि तरी ही बुधवारची वाट बघायला लागली होती. मला पुन्हा तिचा हेवा वाटला.